खारकेचं दार

मागच्या वर्षी गुढी उतरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी माई गेली. तिने दूध तापवलं, गॅस बंद केला आणि खुर्चीत बसली. मी आतून विचारलं, चहा टाकू का. उत्तर आलं नाही. बाहेर आलो तेव्हा आमची कुत्री, खारक, खुर्चीजवळ बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

काल जिन्याखालून कूलर बाहेर ओढला. जाळ्या उघडल्या, जुनं गवत चुरा होऊन पडलं, त्याची धूळ नाकात गेली. बाजारातून आणलेला वाळा दोऱ्याने बांधून बसवला आणि पाणी सोडलं. पहिलं पाणी वाळ्यातून झिरपताना एक वास येतो. तो फुलाचा नसतो आणि नुसत्या मातीचाही नसतो. विहिरीच्या कठड्यावरून आत डोकावलं की येतो तसा काहीसा. तो वास खोलीभर पसरला आणि मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तसाच बसून राहिलो. मागचा सगळा उन्हाळा परत आला होता. मला तो नको होता, पण वासाला दार लावता येत नाही.

माई माझी थोरली बहीण. शाळेत गणित शिकवायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात. दोघांचीही लग्नं या ना त्या कारणाने राहून गेली आणि वडिलांनी भावसिंगपुऱ्यात बांधलेलं हे तीन खोल्यांचं घर आम्हाला पुरलं. माई निवृत्त झाली त्या दिवाळीत, फटाक्यांच्या आवाजाने सैरभैर झालेलं एक पिल्लू परसातल्या कपडे धुवायच्या दगडामागे येऊन लपलं. रंग वाळलेल्या खारकेसारखा, म्हणून नाव खारक. माईने नाव ठेवायला फार वेळ घेतला नाही. मुलांची नावं तिला वर्गात तोंडपाठ असायची, तसं हेही तिने जणू हजेरीतून उचललं.

खारकेला सगळ्याची भीती वाटे. कुकरच्या शिट्टीची, उघडणाऱ्या छत्रीची, भंगारवाल्याच्या भोंग्याची. तिला न भिता राहता यायचं ते फक्त माईच्या आजूबाजूच्या जागेत. माई स्वयंपाकघरात असली की ती जागा स्वयंपाकघरात असे, माई परसात गेली की तिच्या मागोमाग परसात जाई. नळाला पाणी यायचा दिवस आमच्याकडे सणासारखा असतो, कारण तो रोज येत नाही. त्या दिवशी माई टाकी, ड्रम, कूलर, बादल्या असं सगळं भरत परसात असायची आणि खारक पाइपच्या बाजूने चालत राहायची. पाणी गेलं की माई मागच्या दाराचा उंबरा ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. हळदीची बोटं, कुंकू, आणि चार ठिपक्यांची रांगोळी. लोक पुढच्या दाराशी काढतात. माई म्हणायची, येणारे पुढून येतात, पण घरातली माणसं मागूनच जा-ये करतात, त्यांच्यासाठीही कुणी काढायला हवी.

ती गेल्यावर दिवसकार्य झालं, पाहुणे परतले आणि माझं कॉलेज सुरू झालं. त्या दिवसापासून सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत घर बंद. आधी खारक मागच्या दाराशी उभी राहिली की माई उठून दार उघडायची, दिवसातून कितीही वेळा. आता ती उभी राहायची आणि कुणी उठायचं नाही.

मी परत यायचो तेव्हा ती मोरीत असायची. नाइलाजाने जे झालं ते तिथं झालेलं असायचं, दुसरीकडे कुठंही नाही. स्वतः मात्र कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मी बादलीने पाणी ओतायचो. रागावत नव्हतो. माई असती तर काहीतरी बोलली असती, "काय गं हे, ये इकडे," एवढं तरी. मला ते जमत नव्हतं. पुस्तकांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला गप्प राहणं सोपं जातं आणि माझं ते गप्प राहणंच तिला रागासारखं वाटत असावं.

बऱ्याच दिवशी ती दाबूनच धरायची. तिला लघवीचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, औषधाने आत्ता बरं होईल, पण दिवसभर असं अडकून राहिली तर पुन्हा होईल आणि मग मूत्रपिंडावर जाईल. शेजारच्या शबानाभाभींना किल्ली देऊन पाहिली, तर त्यांचं पाऊल वाजताच खारक पलंगाखाली जायची ती बाहेर यायची नाही. परसात ठेवावं तर पत्र्याचं कुंपण तापून दुपारी भट्टी व्हायची, आणि उन्हाळ्यात सीताफळाला पान नसतं. दार उघडं टाकावं तर मागच्या गल्लीत चोऱ्या होत होत्या. जेवणाच्या सुट्टीत मी काही दिवस रिक्षाने येऊन गेलो. परीक्षा सुरू झाल्या आणि तेही थांबलं.

बिडकीनहून दादाराव आले होते. माझे चुलतभाऊ. थोडी जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, उरलेली अजून करतात. त्यांनी मोरीत वाकून पाहिलं, खारकेकडे पाहिलं, आणि पायरीवर बसून तंबाखू मळत मला म्हणाले, "सुधा, असं कर. हिला माझ्याकडं दे. शेतात मोकळी राहीन. इथं तू तिला कोंडून मारशील आन् सोता बी मरशील."

"माईची आहे ती, दादा."

"मी कुठं म्हनलं माझी हाय? माईचीच हाय. माई बी माझीच बहीण व्हती." मग जरा थांबून, "मिरगाच्या आधी येतो न्यायला. पेरणी लागली की मला येणं व्हायचं नाय. तवर तुझं काय जमतंय का बघ."

म्हणजे मिरगापर्यंत माझ्याकडे मुदत होती. घरात माईचं म्हणून जे जिवंत होतं ते एवढंच होतं, आणि ते मला राखता येतं का, एवढाच प्रश्न.

मोबाईलवर मी पाहिलं होतं की परदेशात दाराला खाली चौकोन कापून त्याला झडप लावतात, कुत्री आपली आपण आत-बाहेर करतात. शबानाभाभींचे यजमान सलीमभाई फर्निचरचं काम करतात. त्यांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"कुत्र्याला सेपरेट दरवाजा. माझ्या पोरांनी मागितला असता तर मी दोन ठेवून दिल्या असत्या."

"जमेल का?"

"जमंल ना. सागवानी हाय दरवाजा, कापताना दिल दुखंल. पण माईंची कुत्री हाय, काय करता." अवजारं घेऊन ते बसायला लागले, मग पुन्हा उठले, पोत्याची घडी करून उंबऱ्यावर टाकली आणि तिच्या अलीकडे बसले. मी ते पाहिलं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. कुणालाच वाटलं नसतं.

चौकोन उंबऱ्याला लागूनच कापला, खारकेच्या उंचीचा. पहिली झडप प्लायवूडची. ती खट् करून मिटली आणि खारक पलंगाखाली. सलीमभाई म्हणाले, आवाजाला भ्याली. मग त्यांनी जुन्या ट्रकच्या चाकामागचं रबर कापून लावलं. आवाज गेला. खारक जवळ आली, हुंगली, मागे सरली. "वास मारतंय रबर. आपल्याला नै आवडत, तिला काय आवडंल." मग मी आदल्या साली कूलरला बांधलेला वाळा पडद्यासारखा विणून लावला. खारक शिंकली आणि तिथंच समोर बसली. मग आम्ही काहीच लावलं नाही. नुसता चौकोन. त्यातून परस दिसत होतं, ऊन दिसत होतं, धुण्याच्या दगडाची सावली दिसत होती. खारक बघत होती, शेपटी हलत होती. मी बाहेर तूप लावलेला भाकरीचा तुकडा ठेवला. तिच्या तोंडातून लाळ गळाली. तुकडा मुंग्यांनी नेला आणि तो जाताना तिने शेवटपर्यंत पाहिला.

"पागल हाय का ही?" सलीमभाई म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "माफ करा सर. पागल नै. नाराज हाय."

तो वैशाख मला असाच आठवतो. बाहेर बहावा फुललेला, कॉलेजच्या रस्त्यावर टरबुजांचे ढीग. ग्रंथालयात अभ्यासाला बसलेली मुलं घामाने वह्या ओल्या करत होती आणि पंख्याचा आवाज ऐकत मी कार्डं लावत बसायचो. डोक्यात एकच. आत्ता ती दाराशी उभी असेल. आत्ता बसली असेल. आत्ता मोरीत गेली असेल. दुःख मोठं असतं असं आपण वाचतो, पण माझं त्या उन्हाळ्यात एका मोरीएवढं झालं होतं आणि मला तेही धुऊन काढता येत नव्हतं. माईसाठी मी रडलो नव्हतो. रडायला बसलो की खारकेचं औषध द्यायची वेळ झालेली असायची.

एकदा तिचं कपाट उघडलं. वरच्याच घडीत तिची घरात नेसायची सुती साडी, निळसर, पदराला हळदीचे डाग. मी ती फाडली. कापड फाटताना होणारा आवाज ऐकून खारक पलंगाखाली गेली नाही. ही एकच गोष्ट असेल जिला ती भ्यायली नाही. तो तुकडा चौकोनाला लावला. ती आली. नाक त्याला टेकवून आडवी झाली. तिच्या श्वासाने कापड आत यायचं, बाहेर जायचं. दुपारभर मी समोर बसून ते बघत होतो. ती त्या पडद्याजवळ राहिली. पडद्यापलीकडे गेली नाही.

मग एका रविवारी मी ठरवलं की आपणच करून दाखवावं. सलीमभाई परसात, मी आत. जमिनीवर पालथा पडलो, साडीखालून डोकं घातलं, उजवा हात घातला. खांदे अडकले. त्या उंचीवरून मी आमचं परस कधी पाहिलं नव्हतं. धुण्याचा दगड डोंगरासारखा, सीताफळाचं खोड आभाळापर्यंत. सलीमभाईंचे अंगठे. मुंग्यांची रांग दौलताबादच्या चढासारखी वर वर चाललेली.

"सर," सलीमभाई वाकून म्हणाले, "इकडून ओढू का तिकडून?"

"थांबा जरा."

"थांबतो. मला काय घाई. पण कॉलेजवाल्यांनी पाहिलं तर सांगू नका मी बनवलं म्हणून."

मी हसलो आणि आधारासाठी उजवा हात मागे घेऊन उंबऱ्यावर टेकवला. तेवढ्यात मनगटाला ओलं काहीतरी लागलं. घरातून, माझ्या खांद्याशेजारच्या फटीतून खारकेने नाक घातलं होतं. ती माझा हात ढकलत होती. मला वाटलं, खेळतेय. मी हात पुन्हा तिथंच ठेवला. तिने पुन्हा ढकलला, उंबऱ्यावरून खाली, आणि घशात एक बारीक गुरगुर केली. ती आयुष्यात कुणावर गुरगुरली नव्हती.

मी डोकं मागे घेतलं आणि भिंतीला टेकून बसलो. आणि मला माई ऐकू आली. अगदी साधी, रोजची. "उंबऱ्यावर पाय नाही. ओलांडायचं."

पिल्लू असताना खारक रांगोळी फिसकटून टाकायची. माई तिचे पुढचे दोन पाय धरून तिला उंबऱ्यापलीकडे न्यायची. पुन्हा अलीकडे आणायची, पुन्हा पलीकडे. वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसं. जमलं की गुळाचा खडा. नंतर खारक उंबऱ्याशी आली की अंग गोळा करायची आणि एका उडीत परसात. इतकी वर्षं मी ते पाहत होतो आणि मला वाटायचं, तिला पळायची हौस आहे.

त्या बुटक्या चौकोनातून उडी मारता येत नाही. त्यातून जायचं तर उंबऱ्यावर पाय द्यावाच लागतो. तिला ना आवाजाने अडवलं होतं, ना वासाने. आम्ही तिला तेवढी एकच गोष्ट करायला सांगत होतो जी माईने करू नको म्हणून सांगितलेली. आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही, कारण आम्हीही उंबऱ्यावर कधी पाय दिला नव्हता. कापतानासुद्धा सलीमभाईंनी पोतं टाकलं होतं.

मी सलीमभाईंना सांगितलं. दाराशी येऊन उकिडवे बसले, उंबऱ्यावरून हात न फिरवता नुसतं बघत राहिले. "आमच्यात बी अम्मी मारायची दहलीजवर बसलं तर," ते म्हणाले. "का मारायची ते कधी नै सांगितलं."

मी काही दिवस तिला शिकवायचा प्रयत्न केला. शिकवायचा म्हणजे माईचं शिकवलेलं पुसायचा. तिच्यासमोर मी उंबऱ्यावर पाय ठेवून उभा राहायचो. लाकूड गार असायचं. माझाच पाय तिथं टिकायचा नाही, बोटं आपोआप आखडायची. तिचा पंजा उचलून उंबऱ्यावर ठेवला. तिने तो काढला नाही. तो आपला नसल्यासारखा तिथं पडू दिला, मान दुसरीकडे वळवली आणि अंगभर थरथरत राहिली. मी पंजा सोडला. कुणावर जबरदस्ती करायची असते तेव्हा त्याने निदान विरोध तरी करावा. तिने ते मला सोपं केलं नाही.

"मग उंबरा काढू," सलीमभाई म्हणाले.

"निघतो का?"

"निघतो सर. चौकटीत बसवलेला हाय, दोन्हीकडून करवत मारली की झालं. खाली फरशी सपाट करून देतो. पण तुम्ही बोला. माईंचं हाय ते."

मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दादारावांचा फोन आला, आभाळ यायला लागलंय, येऊ का म्हणून. मी सलीमभाईंना हो म्हणालो.

त्यांनी या वेळी पोतं टाकलं नाही. करवत लागली आणि पहिला भुसा पडला तो पिवळा होता. माईची हळद लाकडाच्या रेघांमध्ये मुरलेली. खाली खाली जाताना भुसा पांढरा झाला. उंबरा सुटून हातात आला तेव्हा मला तो वाटला होता त्याहून बराच हलका निघाला. मी तो भिंतीला टेकवून ठेवला. सलीमभाईंनी सिमेंट लावून जागा सारखी केली, आणि सुकेपर्यंत आम्ही दोघंही चहा घेत तिथंच बसलो, कुणाच्या तरी निकालाची वाट बघत असल्यासारखे.

संध्याकाळी खारकेला आणलं. तिने फरशी हुंगली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. साडीच्या तुकड्याला नाक लावलं. पंजा पुढे आला, जिथं उंबरा होता तिथपर्यंत, आणि थांबला. मग ती बसली.

"दार उघडा सर," सलीमभाई हळूच म्हणाले.

मी दार उघडलं. खारक उठली, अंग गोळा केलं आणि सपाट फरशीवरून उडी मारून परसात गेली. पूर्वी मारायची तेवढीच उंच.

सलीमभाईंनी करवत फडक्यात गुंडाळली. बराच वेळ गुंडाळत होते.

दादाराव पिकअप घेऊन आले. मी गोणपाट, औषधं, तिची थाळी दिली. चौकोनाला लावलेला साडीचा तुकडा सोडवून त्यांच्या हातात दिला. "हे कशाला?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगायच्या आत घडी करून शर्टाच्या आत ठेवला. मला वाटलं होतं ती गाडीत चढणार नाही, मला तिला ओढावं लागेल. ती गोणपाटावर जाऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली, त्या सकाळी खुर्चीजवळ बसून बघत होती तशी. मला काहीतरी कळायला हवं होतं, अशा नजरेने. गाडी वळली. मी घरात येऊन कूलर बंद केला.

त्याला आता वर्ष होत आलं. दादारावांचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. खारकेला पुन्हा त्रास झाला नाही. दिवसभर बांधावर असते, ट्रॅक्टरलासुद्धा भीत नाही. "पण सुधा, ही काय सवय लावली रे तिला? गोठ्याला आमच्या ना दार ना उंबरा. तरी येती, थांबती, टुणकन् उडी मारूनच आत येती. नातवंडं हसून हसून लोळली. आता ती कार्टी बी उडी मारल्याबिगर गोठ्यात शिरत न्हाईत. शेण काढायला गेलं तरी उडी."

मी विचारलं, साडीचा तुकडा आहे का.

"हाय की. त्याच्यावरच झोपती."

कूलर आता चालू आहे. मागच्या दाराच्या चौकोनावर सलीमभाईंनी फळी ठोकून दिली आहे, फटीतून थोडं ऊन आत येतं. उंबरा भिंतीला टेकलेला आहे. रोज सकाळी मी परसात जातो. दाराशी काही नाही. मी पाय उचलून ओलांडतो.